इंग्लंडमध्ये फाउंडेशन इयर घेऊन तत्त्वज्ञान, धर्म आणि नीती: पैसे, व्हिसा, अभ्यास, निबंध

उंबरठा

तत्त्वज्ञान, धर्म आणि नीती असा जोडविषय घेऊन इंग्लंडमध्ये पदवी करायची तर ती तीन वर्षांची. गुण कमी पडले, विषय वेगळे होते किंवा शिक्षणात मोठा खंड पडला, तर त्याआधी एक फाउंडेशन इयर लावता येतं आणि एकूण चार वर्षं होतात. (स्कॉटलंडची पदवी मुळातच चार वर्षांची, म्हणून हा धागा इंग्लंडपुरता ठेवू.)

आधी एक गल्लत दूर करतो. फाउंडेशन इयर हे पदवीचं पहिलं वर्ष नव्हे. तिथल्या पातळ्यांच्या उतरंडीत ते तिसऱ्या पातळीवर बसतं, म्हणजे ए-लेव्हलच्या (तिथल्या बारावीच्या) बरोबरीने. पदवीची वर्षं चौथी, पाचवी आणि सहावी पातळी. त्यामुळे या वर्षाचे गुण पदवीच्या श्रेणीत धरत नाहीत, ते फक्त पुढच्या वर्षात ढकलायला. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचेही धरत नाहीत. ढकलायला किती लागतात ते मात्र नीट बघा. काही ठिकाणी सगळ्या विषयांत ४० पुरतात, काही ठिकाणी ५० किंवा ६० मागतात, आणि ही अट जाहिरातीच्या पानावर नसून अभ्यासक्रमाच्या नियमावलीत सापडते.

ज्यांना तपशील माहीत आहेत त्यांनी भर घालावी. 'आमच्या वेळी' नको, आकडे आणि कृती हवी.

लेस्टरकर

पैशांचं मी लिहितो.

इंग्लंडमध्ये 'होम' दर्जा, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्याची फी, लागू असलेल्यांसाठी २०२५-२६ पासून मोठा बदल झालाय. वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या फाउंडेशन इयरची कमाल फी ५,७६० पाउंडांवर आणली. तत्त्वज्ञान आणि धर्म त्यातच येतात. त्याच वर्षी नेहमीच्या पदवी-वर्षाची कमाल फी ९,५३५ होती, म्हणजे शून्याव्या, अर्थात फाउंडेशनच्या, वर्षात ३,७७५ पाउंड कमी. भारतातून जाणाऱ्यांना ही मर्यादा लागू नाही. त्यांची फी विद्यापीठ स्वतः ठरवतं आणि ती बरीच जास्त असते. स्लाऊ-लेस्टरमधल्या आतेभावाने ५,७६० सांगितले म्हणून सांगलीत बसून तो हिशेब मांडू नका.

होम दर्जा पासपोर्टच्या रंगावरून ठरत नाही. ढोबळ नियम असा: अभ्यासक्रम सुरू होताना तिथे कायम राहायची परवानगी हवी आणि त्याआधीची तीन वर्षं वास्तव्य त्याच देशात हवं. ब्रिटिश पासपोर्ट असून गेली पाच वर्षं पुण्यात राहिलेला मुलगा सहसा इथेच अडकतो.

होम विद्यार्थ्याला जोडलेल्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या पदवीचा भाग असलेल्या, फाउंडेशन इयरसाठीही सरकारी कर्ज मिळतं. ऑगस्ट २०२३ पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांसाठी परतफेड अशी: वार्षिक २५,००० पाउंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ.

वय १९ किंवा जास्त असेल तर 'ऍक्सेस टू हायर एज्युकेशन' हा विद्यापीठ प्रवेशाची तयारी करून घेणारा डिप्लोमाही बघा. ६० क्रेडिट, त्यातले ४५ तिसऱ्या पातळीवरचे आणि श्रेणीसह. त्याच्यासाठी घेतलेलं ॲडव्हान्स्ड लर्नर कर्ज पुढे पदवी पूर्ण केली की माफ होतं. गावातल्या कॉलेजात होतो, घर सोडावं लागत नाही. शिवाय एकाच विद्यापीठाशी बांधून घेत नाही. होम विद्यार्थ्याने आधी हा पर्याय खोडून मग फाउंडेशनकडे जावं, असं माझं स्पष्ट मत.

खडीसाखर

महाराष्ट्र बोर्डाची बारावी असेल तर फाउंडेशन घ्यावंच लागतं का? एजंट तसं ठामपणे सांगतात.

लेस्टरकर

नाही. अनेक विद्यापीठं बारावीवर थेट पहिल्या वर्षाला घेतात, अट असते ती टक्क्यांची, आणि राज्य बोर्डाला सीबीएसईपेक्षा थोडे जास्त टक्के मागितलेले दिसतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देशवार पात्रतेचं पान असतं, तिथे 'इंडिया' उघडून बोर्डाचं नाव शोधायचं. एक वर्ष जास्त म्हणजे एका वर्षाची फी, घरभाडं आणि आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) जास्त. एजंटचं कमिशन विद्यापीठाकडून किंवा फाउंडेशन चालवणाऱ्या खासगी भागीदाराकडून येतं, हे ध्यानात ठेवून त्याचा ठामपणा ऐकायचा.

कागदोपत्री

व्हिसाचं माझ्याकडे. इथे 'जोडलेलं' आणि 'स्वतंत्र' यातला फरक सगळ्यात जास्त महागात पडतो.

जोडलेलं असेल तर विद्यापीठ चारही वर्षांसाठी एकच सीएएस, म्हणजे प्रवेशनिश्चितीचा क्रमांक, देऊ शकतं. त्यावर एकच व्हिसा, पदवी पातळीचा, आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करायची मुभा. स्वतंत्र फाउंडेशन हा पदवीखालचा अभ्यासक्रम: मुभा १० तासांची, वर्ष संपल्यावर पुन्हा सीएएस, पुन्हा व्हिसा, पुन्हा फी. स्वतंत्र फाउंडेशनला इंग्रजीची परीक्षाही मान्यताप्राप्त यादीतलीच लागते. साधी आयईएल्टीएस चालत नाही, 'यूकेव्हीआयसाठी'ची, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्यासाठीची, वेगळी द्यावी लागते. परीक्षा तीच, केंद्र आणि प्रमाणपत्र वेगळं. लोक साधी देऊन बसतात आणि पुन्हा पैसे भरतात.

आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम, अर्जासोबतच. सप्टेंबरला सुरू होऊन चौथ्या वर्षीच्या जूनला संपणारा अभ्यासक्रम धरला तर व्हिसा मागेपुढे काही महिने धरून साधारण ५० महिन्यांचा होतो. चार पूर्ण वर्षं आणि वरच्या सहा महिन्यांच्या आतल्या तुकड्याचे अर्धे: ३,१०४ अधिक ३८८, म्हणजे ३,४९२ पाउंड. हा आकडा बजेटमध्ये विसरणारे फार.

राहण्याच्या खर्चाचा पुरावा नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिना १,१७१ आणि लंडनमध्ये १,५२९ पाउंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे १०,५३९ किंवा १३,७६१. शिवाय पहिल्या वर्षाची न भरलेली फी. रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडायला हवा. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ चालत नाहीत.

पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर नातं दाखवायला जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र. आपल्याकडचा नेहमीचा घोळ हा: ग्रामपंचायतीचा जुना दाखला फक्त मराठीत, त्यात बाळाचं नावच नाही, किंवा आईचं नाव माहेरचं. नाव आधी नोंदवून घ्या, मग इंग्रजी भाषांतर करा. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. हे काम जुलैत नाही, जानेवारीत काढा. क्षयरोगाची तपासणीही मान्य केंद्रातूनच.

खडीसाखर

धन्यवाद! आता प्रत्यक्ष शिकवतात काय? धर्म म्हणजे धर्मग्रंथांचं पठण अशी घरच्यांची समजूत आहे.

नेति_नेति

पठण नाही आणि प्रवचन तर नाहीच. वर्षाला १२० क्रेडिट, सहसा २० चा एक असे सहा विषय. त्यातले दोन-तीन शैक्षणिक लेखन, वाचनपद्धती अशा सामायिक गोष्टींचे, उरलेले विषयाचे. एक क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम धरतात, म्हणजे एका विषयाला २०० तास. आठवड्याला तीन तास वर्ग असा बारा आठवडे धरला तर ३६ होतात. उरलेले १६४ तास तुमचे एकट्याचे. वेळापत्रकात नऊ तास बघून 'आरामात आहे' म्हणणारे सहाव्या आठवड्यात बुडतात.

विषयाचा भाग तीन पायांवर असतो. तत्त्वज्ञानात ज्ञान म्हणजे काय, मन आणि शरीर, देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद: ॲन्सेल्म आणि त्याला परिपूर्ण बेटाचं उदाहरण देऊन उत्तर देणारा गॉनिलो, अक्वायनसचे पाच मार्ग, ह्यूम. नीतीत कांट, बेंथम आणि मिल, ॲरिस्टॉटल, आणि मग उपयोजित प्रश्न: इच्छामरण, प्राण्यांचे हक्क, दूर देशातल्या दुष्काळाला आपण किती देणं लागतो. हा शेवटचा प्रश्न पीटर सिंगरने १९७२ च्या लेखात बांगलादेशच्या निर्वासितांवरून मांडला. आपल्या मुलांना तो जवळचा वाटतो.

तिसरा पाय धर्माभ्यास. हा श्रद्धा ठेवून किंवा मोडून काढून शिकवत नाहीत. निनियन स्मार्टने १९६७ मध्ये लँकेस्टरला धर्माभ्यासाचा विभाग उभा केला तेव्हापासून ब्रिटनमध्ये ही वाट रुळली. त्याने धर्माला बघायची सात अंगं सांगितली: विधी, अनुभव, कथा, सिद्धान्त, नीती, सामाजिक रचना आणि वस्तू-वास्तू. एखाद्या धार्मिक स्थळाला भेट देऊन अहवाल लिहा असं काम येतं तेव्हा ही सात अंगं कामाला येतात.

आणि इथेच मराठी मुलं घसरतात. लंडनमधल्या निस्डनचं १९९५ चं स्वामीनारायण मंदिर बघून आल्यावर अहवालात 'भक्तिमय, प्रसन्न वातावरण' लिहितात. शिक्षक विचारतो, म्हणजे काय दिसलं? पादत्राणं कुठे काढली, पुरुष आणि स्त्रिया कुठे बसल्या, आरतीच्या वेळी कोण उभं राहिलं, सूचना कोणकोणत्या भाषांत होत्या, हे लिहायचं. जे ओळखीचं असतं ते डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून हिंदू घरातल्या मुलाने पहिला अहवाल गुरुद्वाराचा किंवा सिनेगॉगचा करावा. कुणाची मुलाखत घ्यायची असेल तर आधी विभागाची नीती-परवानगी, नाहीतर सामग्री वापरता येत नाही.

पूर्वपक्ष

सगळ्यांनी सगळं लिहिलं, पण गुण जिथे मिळतात-जातात तो निबंध राहिलाच. या वर्षाचा खरा अभ्यास तोच आहे, बाकी निमित्त.

बारावीला तर्कशास्त्र घेतलं असेल तर चांगलं भांडवल आहे. आधारविधान, निष्कर्ष, वैधता, सत्यता कोष्टक हे तिथे नव्याने शिकवतात. पण कोष्टक भरणं वेगळं आणि साध्या गद्यात दडलेलं आधारविधान हुडकणं वेगळं.

नेहमीचा प्रश्न घेऊ: 'अनिष्टाच्या अस्तित्वामुळे देवावरची श्रद्धा तर्कविसंगत ठरते, हा मॅकीचा दावा टिकतो का?' मर्यादा १,५०० शब्द. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीचा लेख १९५५ चा, जेमतेम डझनभर पानांचा. विद्यार्थी त्याची मांडणी अशी करतात:

१. देव सर्वशक्तिमान आहे.
२. देव सर्वस्वी चांगला आहे.
३. तरीही जगात अनिष्ट आहे.

म्हणून विसंगती. पण या तिघांत विसंगती नाहीच! 'रमेश श्रीमंत आहे, रमेश दयाळू आहे, गल्लीत गरिबी आहे' यात तरी कुठे आहे? मॅकीला हे माहीत होतं. म्हणून तो आणखी दोन दुवे जोडतो:

४. चांगली वस्तू जमेल तितकं अनिष्ट नाहीसं करते.
५. सर्वशक्तिमान काय करू शकतो याला मर्यादा नाही.

आता साखळी आवळली जाते. चौथा आणि पाचवा दुवा ज्याने लिहिला नाही त्याचा निबंध पन्नाशीतच अडकतो, कारण पुढची सगळी चर्चा या दोघांवरच आहे. आस्तिक तत्त्वज्ञ प्लँटिंगाचा बचाव पाचव्यावर: स्वतंत्र माणसं निर्माण करायची आणि ती कधीच चुकणार नाहीत याचीही हमी घ्यायची, हे सर्वशक्तिमानालाही शक्य नसू शकेल. लक्षात घ्या, 'नसू शकेल' एवढंच. दुःख का आहे याचं स्पष्टीकरण तो देत नाही, फक्त विसंगती नाही एवढं दाखवतो. बचाव आणि स्पष्टीकरण यांची सरमिसळ ही या निबंधातली दोन नंबरची चूक.

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवा. सुरुवात १००, मॅकीची मांडणी ३५०, सगळ्यात ताकदीचा आक्षेप ३५०, मॅकीच्या बाजूने त्याला उत्तर आणि त्या उत्तराची तपासणी ४००, दुसरा छोटा मुद्दा २००, शेवट १००. तीन आक्षेप कोंबले की प्रत्येकाला शंभर शब्द येतात आणि सगळेच कच्चे राहतात.

सुरुवात अशी नको: 'अनादी काळापासून मानवाला दुःखाचं कोडं पडलेलं आहे.' अशी हवी: 'मॅकीचा दावा पाचव्या दुव्यावर उभा आहे. तो दुवा सोडला तर विसंगती जाते, पण आस्तिकाला त्याची किंमत मोजावी लागते, असं मी दाखवणार आहे.' यात 'मी' आहे आणि शेवट आधीच फोडला आहे. मराठी शाळेत दोन्हीला मनाई, तिथे दोन्ही हवं.

माझं टोपणनाव ज्यावरून आहे ती शिस्त आपल्याच शास्त्रग्रंथांतली. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल इतक्या ताकदीने आधी मांडायचं, मग खोडायचं. इतकं केलं तरी साठीत जाता येतं.

चौथा_कट्टा

पण कर्मसिद्धान्ताने हा प्रश्न केव्हाच सुटलाय की. तेवढं लिहिलं तर पुरे नाही का?

पूर्वपक्ष

'आमच्याकडे केव्हाच सुटलाय' हे लिहिलं तर पुरणार नाही. तोच मुद्दा नीट बांधला तर मात्र वर्गातला सगळ्यात वेगळा निबंध होईल.

ब्रह्मसूत्र २.१.३४ बघा: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्तथाहि दर्शयति.' आक्षेप असा की ईश्वराने कुणाला सुखी, कुणाला दुःखी केलं, म्हणजे तो पक्षपाती आणि निर्दय. उत्तर: नाही, कारण तो जीवांच्या कर्मावर अवलंबून राहून निर्मिती करतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. भात आणि जव दोन्हींना पाऊस सारखाच, फरक पडतो तो बियाण्यामुळे. मग पुढचं सूत्र: पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठलं? उत्तर: संसार अनादी आहे.

आता मॅकीच्या यादीशेजारी हे ठेवा आणि विचारा, कुठला दुवा तुटला? पाचवा. ईश्वर कर्माची अपेक्षा ठेवतो, म्हणजे त्याच्या करण्याला काहीतरी मर्यादा आली. मॅकी यावर भांडणार नाही. तो लेखातच म्हणतो की मूळ विधानांपैकी एखादं सोडायला तयार असाल तर त्याची अडचण तुम्हाला लागू नाही. म्हणजे शंकराचार्यांनी मॅकीला हरवलं असं म्हणता येत नाही, वेगळ्या ईश्वराबद्दल ते बोलत आहेत असं म्हणता येतं. मग खरा प्रश्न: कर्माचा नियम ईश्वराने केला की त्याच्याही आधीपासून आहे? केला असेल तर आक्षेप परत येतो. आधीपासून असेल तर ईश्वराच्या स्वाधीन नसलेलं काहीतरी मान्य करावं लागतं. या दोन वाक्यांसाठी परीक्षक गुण देतो.

फक्त मॅकीला आधी पूर्ण मांडा. प्रश्न त्याच्यावर आहे, वेदान्तावर नाही.

खडीसाखर

आणि साठी म्हणजे? इथे साठ टक्के म्हटलं की घरात सुतक.

नेति_नेति

तिथे ४० ला उत्तीर्ण, ६० ते ६९ म्हणजे वरचा द्वितीय वर्ग, ७० ला प्रथम. ऐंशीच्या वर मानव्यविद्यांत क्वचितच कुणी जातं. ६४ मिळवणारा मुलगा उत्तम चाललाय, हे आजी-आजोबांना आधीच समजावून ठेवा.

उंबरठा

अर्जाचं राहिलं. यूकॅस या विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक अर्जव्यवस्थेतून पाच पर्याय भरता येतात. फाउंडेशनसह असलेल्या अभ्यासक्रमाचा सांकेतांक वेगळा असतो, एकाच नावाच्या दोन नोंदींतून चुकीची निवडली जाते. काही ठिकाणी सांकेतांक एकच आणि प्रवेशबिंदू म्हणून '०' निवडायचा असतो.

२०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं लेखन) सलग निबंध राहिलेलं नाही. तीन प्रश्न आहेत: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. मिळून ४,००० अक्षरं, रिकाम्या जागा धरून, प्रत्येकाला किमान ३५०. 'लहानपणापासून मला जीवनाचा अर्थ शोधायचा आहे' हे वाक्य वाचून निवड करणारे थकलेत. त्याऐवजी एकच युक्तिवाद घ्या आणि तो कुठे पटला, कुठे नाही, ते सहा ओळींत लिहा.

लेस्टरकर

एक सावधगिरी. हे विभाग छोटे असतात आणि बंद पडतात. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या याच दोन विषयांना वाहिलेलं लंडनचं हेथ्रॉप कॉलेज २०१९ च्या सुरुवातीला बंद झालं, चारशे वर्षांचा इतिहास असूनही. चार वर्षांचं बांधून घेताना विद्यापीठाची विद्यार्थी-संरक्षण योजना (अभ्यासक्रम बंद पडला तर विद्यार्थ्यांचं काय, ते सांगणारी) वाचा आणि ईमेलवर दोन प्रश्न विचारा: पदवीच्या तिसऱ्या वर्षात किती ऐच्छिक विषय खरोखर चालतात, आणि फाउंडेशनचे वर्ग मुख्य आवारातच होतात की भागीदार संस्थेत. भागीदार असेल तर त्याचं नाव उच्च शिक्षणाच्या नियामकाच्या नोंदवहीत शोधा. उत्तर फोनवर नको, लेखीच घ्या.

चौथा_कट्टा

शेवटचं विचारतो. निबंधात तुकोबा किंवा ज्ञानेश्वरी वापरली तर संदर्भ कसा द्यायचा?

पूर्वपक्ष

जुन्या ग्रंथांना पान क्रमांक पुरत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीत पान बदलतं. म्हणून आवृत्तीनुसार न बदलणारे क्रमांक द्यायचे: प्लेटोला समासातले स्टेफानस क्रमांक, ॲरिस्टॉटलला बेकर क्रमांक, कांटला जर्मन अकादमी आवृत्तीचा खंड आणि पान, कुराणाला सूरा आणि आयत, गीतेला अध्याय आणि श्लोक. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी चालते. तुकोबांची मात्र पंचाईत, गाथ्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अभंगाचे क्रमांक जुळत नाहीत. म्हणून क्रमांकासोबत कुठली आवृत्ती ते लिहायचंच, आणि अभंगाचं पहिलं चरण रोमन लिपीत द्यायचं. इंग्रजी भाषांतर स्वतः केलं असेल तर तळटीपेत 'भाषांतर माझे' एवढं टाका. नाहीतर परीक्षक ते कुठून उचललं ते शोधत बसतो.